मऊ दिवस

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. सकाळचे आठ वाजत आले होते आणि आयर्लंडमधल्या गॉलवेत, सॉल्टहिलच्या बसथांब्यावर नुकतं कुठे उजाडत होतं. पाऊस पडतोय म्हणावं तर थेंब दिसत नव्हता, नाही म्हणावं तर माझ्या भुवया ओल्या झाल्या होत्या. थांब्याच्या बाकावर नेहमीचे आजोबा बसले होते. ते बसने कुठे जात नाहीत. कुत्र्याला समुद्रावर फिरवून परतताना इथे दहा मिनिटं टेकतात. दोन वर्षं आम्ही याच वेळी, याच जागी भेटतोय. त्या दिवशी त्यांनी खाडीकडे बघत म्हटलं, "सॉफ्ट डे." मी फोन काढला, पावसाचा नकाशा उघडला आणि त्यांना सांगितलं की चार वाजेपर्यंत असंच राहील, मग उघडेल. फोन त्यांच्यापुढे धरलासुद्धा. त्यांनी फोनकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, "इज दॅट सो," म्हणाले आणि वाकून कुत्र्याचा पट्टा नीट केला. पट्टा नीटच होता.

बस आली, मी चढले. काचा वाफेने आंधळ्या झालेल्या, लोकरीच्या ओल्या कोटांचा वास, पायाखाली चिखलाचं पाणी. माझं काही चुकलं होतं असं कुणीच म्हणालं नसतं. मी खरं तेच सांगितलं होतं, पाऊस नंतर चार वाजता थांबलाही. पण दिवसभर, प्रयोगशाळेत नमुने तपासताना, तो वाकलेला पाठीचा कणा आणि नीट असलेला पट्टा डोळ्यांसमोर येत राहिला. कुणीतरी काहीतरी हातात द्यायला पुढे केलं होतं आणि मी ते न घेता त्यांच्या हातात पावती ठेवली होती, असं काहीतरी.

मी गॉलवेला आले ती २०१७च्या ऑगस्टमध्ये. ऑगस्ट म्हणजे उन्हाळा असं मी धरून चालले होते. पण इथल्या जुन्या मोजणीत १ ऑगस्टलाच शरद सुरू होतो, आणि १ नोव्हेंबरला हिवाळा. आयरिश भाषेत सप्टेंबरचं नाव 'फोवरचा मध्य' आणि ऑक्टोबरचं 'फोवरचा शेवट' असं आहे. फोवर म्हणजे शरद आणि फोवर म्हणजेच सुगी, दोन्हीला एकच शब्द. हवामान खात्याचा, म्हणजे मेट एरनचा, हिशोब वेगळा. त्यांचा शरद सप्टेंबर ते नोव्हेंबर. लोक दोन्ही हिशोब एकाच वेळी वापरतात आणि त्यात त्यांना काही अडचण वाटत नाही. ऑगस्टच्या मध्यावर एखादी गार झुळूक आली की शेजारीण कुंपणाच्या भिंतीशी उभी राहून म्हणणार, "दॅट्स द समर गॉन नाउ." आणि सप्टेंबरच्या शेवटी चार दिवस लख्ख ऊन पडलं की तीच म्हणणार, उन्हाळा अजून आहे हो.

मी पुण्याची, शिवाजीनगरची. शाळेत जायचा रस्ता सिमला ऑफिसवरून. १९२८ साली हवामान खातं शिमल्याहून पुण्यात आलं, त्याची ही दगडी इमारत, आणि चौकाचं नावही तेच पडलेलं. लहानपणी मला वाटायचं, पाऊस इथूनच सोडतात. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. डब्लिनमध्येही जवळजवळ तेवढाच. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला ते खरं वाटेना. पण पुण्याचा पाऊस चार महिन्यांत येऊन, आपलं सगळं सांगून, निघून जातो. इथला बारा महिने थोडं थोडं सांगत बसतो. आम्ही तर पश्चिमेला, अटलांटिकच्या तोंडाशी. पश्चिमेच्या काही भागांत वर्षातले सव्वादोनशेच्या आसपास दिवस असे असतात की निदान एक मिलिमीटर तरी पाऊस होतोच. समुद्रावरून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक येतात, वाटेत दुसरी जमीनच नाही, तेव्हा पहिला ओलावा आमच्या अंगावर. त्याच समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे ऑक्टोबरातही गवत हिरवंगार असतं आणि थंडी बोचत नाही. फक्त हाडांत शिरून बसते.

या पावसाला वास नाही. हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात जास्त लागलं. माती तापतच नाही, मग पहिल्या सरीनंतर ती उच्छ्वास कसा टाकणार? पहिल्या वर्षी जून उलटून गेला तेव्हा मी अंगणात उभी राहून पावसात श्वास ओढत होते. ओल्या गवताचा वास आला, कुणाच्या तरी चुलीतल्या पीटच्या, म्हणजे दलदलीतून काढलेल्या जळणाच्या, धुराचा आला, समुद्री शेवाळाचा आला. मातीचा नाही.

आपल्याकडे अशा पावसाला काय म्हणतात? मी त्या रात्री शब्द आठवत बसले. भुरभुर, झिमझिम, बुरबुर, आणि पिरपिर. माझ्या तोंडी पहिला आला तो पिरपिर. पिरपिर पावसाचीही असते आणि रडक्या मुलाचीही. त्यात कंटाळा मुरलेला आहे. "काय मेली पिरपिर लागलीय सकाळपासून," असं म्हणत आजी खिडकीची फळी ओढून घ्यायची. चपला चिपचिपणार, दोरीवरचे कपडे कुबट होणार, घरभर माणसांचे पाय उमटणार. मुसळधार पावसाला मान होता, पिरपिरीला नव्हता. आणि इथे तोच पाऊस, अगदी तोच, तितकाच बारीक, तितकाच चिवट, आणि माणूस त्याला म्हणतो मऊ. वर जुनी माणसं पुढे "थँक गॉड" जोडतात. 'सॉफ्ट' हे मुळातलं इंग्रजी बोलणं नाही, हे मला संध्याकाळच्या आयरिश वर्गात कळलं. 'लॉ बोग' म्हणजे मऊ दिवस. भाषा बदलली, दिवस तसाच उचलून इंग्रजीत ठेवला. मराठीत दिवस मऊ नसतो. भात मऊ असतो, गोधडी मऊ असते, आजीचे हात मऊ असतात.

त्याच वर्गात बाईंनी फळ्यावर लिहिलं: टॉ फूअख्त ओरम. शब्दशः अर्थ, 'माझ्यावर थंडी आहे'. इंग्रजीत माणूस स्वतःच थंड असतो. आयरिशमध्ये थंडी बाहेरून येऊन त्याच्यावर बसते. वर्गातले बाकीचे या रचनेने गोंधळले होते. मी मात्र घरी आल्यासारखी बसले होते, कारण मला थंडी वाजते. मी थंडी करत नाही, मी थंडी नसते, ती मला वाजते. दुःखाचंही तिथे तसंच: 'माझ्यावर दुःख आहे' म्हणजेच 'माफ करा'. मलाही वाईट वाटतं, मला भूक लागते, मला आठवण येते. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी माणसाला वाक्याच्या मधल्या जागेवरून उठवून बाजूला बसवलं आहे, आणि हवा, भूक, दुःख यांना येऊ-जाऊ दिलं आहे. त्या रात्री मी भिजत, चालत घरी आले आणि पहिल्यांदाच त्या पावसाचा राग आला नाही.

राग येण्यासारखं पुष्कळ असतं, ते लपवण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि एका रात्रीत संध्याकाळ नाहीशी होते. कंपनीतून बाहेर पडावं तर पाचलाच अंधारून आलेलं. वारा पावसाला आडवा करतो, छत्री उलटी होते, आणि वादळी दिवसानंतर शहरातल्या कचऱ्याच्या डब्यांतून मोडक्या छत्र्यांच्या काड्या बाहेर आलेल्या दिसतात. पहिल्या नोव्हेंबरात मी रोज जेवताना रडायचे आणि कारण सांगता यायचं नाही. कँटीनमध्ये मात्र सगळ्यांकडे शब्द होते. 'लॅशिंग', म्हणजे फटकारे मारणारा. 'स्पिटिंग', नुसता थुंकणारा. 'बाल्टिक', म्हणजे हाडं गोठवणारी थंडी. 'फिअर्स माइल्ड', म्हणजे भयंकर सौम्य, जे मला कितीतरी दिवस उलगडेना. डिसेंबर तोंडावर आला तरी हवा कोमट, अंगाला चिकटणारी, असा तो दिवस. आणि मावळतीला कुणीतरी म्हणणारच, "द इव्हनिंग्ज आर ड्रॉइंग इन." संध्याकाळी जवळ ओढून घेतल्या जातायत, पडद्यासारख्या.

एक शब्द मात्र मला आल्या आल्या आवडला, तो कपड्यांचा. आमच्या मागच्या अंगणात दोरी आहे, शेजारच्या अंगणातही, मध्ये कमरेएवढी भिंत. एका सप्टेंबरात वारा सुटला होता, ढग धावत होते, शेजारीण चादरी घालत होती आणि म्हणाली, "देअर्स ग्रेट ड्रायिंग आउट." मला वाटलं कपड्यांबद्दल बोलतेय. ती हवेबद्दल बोलत होती. वाळवण्याचा गुण इथे हवेत असतो. कधी भरपूर असतो, कधी अजिबात नसतो, आणि तो बाहेर आहे का हे सकाळी उठून बघायचं असतं. आमच्याकडे वाळवण म्हणजे वस्तू: गच्चीवर जुन्या धोतरावर मांडलेले पापड, सांडगे, कुरडया, आणि कावळ्यांना हाकलायला काठी घेऊन बसवलेली मी. ऊन कधी मोजावं लागलं नाही, ते होतंच. इथे त्याचा प्रत्येक तास मोजलेला. त्याच आठवड्यात मी कामावर असताना पाऊस आला. संध्याकाळी घरी आले तर माझे सगळे कपडे, माझ्या आईने पाठवलेल्या सुती परकरासकट, घड्या घालून मागच्या दाराशी टोपलीत ठेवलेले, वर प्लॅस्टिक. आभार मानायला गेले तर ती म्हणाली, "ड्रायिंग गेलं होतं ना." त्यापलीकडे एक शब्द नाही.

हे बोलणं मी वर्षानुवर्षं ऐकत आले, पण त्याची चाल मला ऐकू आली नव्हती. बसथांब्यावरच्या त्या सकाळनंतर मी कान देऊन ऐकू लागले. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध घ्यायला गेले की गल्ल्यापाशी मुद्दाम रेंगाळायचे. कुणी येतं, म्हणतं, "नॉट अ बॅड डे." बाहेर धुकं, दहा पावलांवरचं दिसत नाही. दुकानदारीण म्हणते, "'टिज नॉट." पुढचा येतो, "डेस्परेट आउट." ती म्हणते, "'टिज, डेस्परेट." एकाच धुक्याबद्दल, दोन मिनिटांच्या अंतराने, आणि ती दोघांनाही होय म्हणते. ती खोटं बोलत नसते. पहिला माणूस धुक्यात बरा होता, दुसरा बरा नव्हता, आणि तिने दोघांचं ऐकून घेतलं. ऊन पडलं तर पहिला म्हणतो, "ग्रँड डे," आणि दुसरा मान हलवून, "वुईल पे फॉर इट." किंमत मोजावी लागेल. त्यावर कुणी वाद घालत नाही, अंदाज सांगत नाही. एकाने ओळ अर्धी सोडायची, दुसऱ्याने ती उचलून परत द्यायची. इतकंच काम असतं, आणि ते दुसऱ्याशिवाय होत नाही.

हे मला नवीन नव्हतंच. माझी आजी मावळातली, तिचा पाऊस नक्षत्रांनी यायचा. मृगाचा, आर्द्राचा, मघांचा, आणि नवरात्राच्या सुमाराला हस्ताचा, म्हणजे हत्तीचा. पाटावर हत्ती काढून आम्ही भोंडला खेळायचो आणि ती उंबऱ्यात बसून आभाळाकडे बघत म्हणायची, "पडला हत्ती…" आणि थांबायची. मग आम्ही पोरी ओरडायचो, "तर पडतील भिंती!" ऑक्टोबर सरताना स्वाती लागायचं, तेव्हा तसंच, "पडतील स्वाती…" "तर पिकतील मोती!" ती आम्हाला शेतीतलं काही शिकवत नव्हती, तोवर तिची शेती गेली होती आणि आमच्या वाड्याच्या भिंती सिमेंटच्या होत्या. ती फक्त अर्ध्यावर थांबायची. आम्ही पुरं केलं की समाधानाने आत चहा टाकायला जायची.

पाऊस खेळण्यासारखा नसतो तेव्हा मात्र इथलं बोलणं बदलतं. मी येऊन दोन महिने झाले होते आणि १६ ऑक्टोबर २०१७ला ओफीलिया वादळ आलं. संपूर्ण देशाला लाल इशारा, दोन दिवस शाळा बंद, दक्षिणेला फास्टनेटच्या दीपगृहावर वाऱ्याचा झोत ताशी १९१ किलोमीटर. तीन माणसं गेली. आदल्या संध्याकाळी दुकानात पावाचे कप्पे रिकामे होते आणि कुणीही 'सॉफ्ट' किंवा 'ग्रँड' म्हणत नव्हतं. जो तो एकमेकांना "माइंड युअरसेल्फ" म्हणत होता, स्वतःला जप. मला जवळजवळ कुणी ओळखत नव्हतं, तरी तीन माणसांनी मला ते म्हटलं. २००९च्या नोव्हेंबरात कॉर्क शहर आणि आमच्या दक्षिणेला गॉर्टचा भाग पाण्याखाली गेला होता, त्याबद्दल शेतकऱ्यांच्या घरचे सहकारी अजूनही आवाज खाली आणून बोलतात. पाणी स्वयंपाकघरात शिरलेल्या माणसाला दिवस मऊ वाटत नाही. म्हणून मला वाटतं की हा शब्द भाबडेपणाचा नाही. वाईट काय असतं हे माहीत असलेल्या माणसांनी, आज ते नाही, याची घेतलेली ही नोंद आहे.

पहाटे रेडिओवर समुद्राचा अंदाज लागतो. हल्ली मी तो ऐकते, मला बोटीवर कुठेच जायचं नसताना. निवेदक भूशिरांची नावं घेत देशाला प्रदक्षिणा घालतो: हाउथ हेड, हुक हेड, मिझेन हेड, लूप हेड, स्लाइन हेड, मॅलिन हेड. वाऱ्याचं बल आकड्यात; तो आकडा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो ब्यूफर्ट इथल्याच मीथ परगण्यातल्या नॅव्हनचा, जन्म १७७४चा. मग एकेका ठाण्याची नोंद, आणि शेवटी हवेचा दाब: 'हळू उतरतोय', 'हळू चढतोय'. लहानपणी आकाशवाणीवर कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे लागायचे तेव्हा बाबा हात वर करून आम्हाला गप्प करायचे. पुण्यात राहून त्यांना कुलाब्याशी काय करायचं होतं, हे मी कधी विचारलं नाही.

या बोलण्याबद्दल माझी एक तक्रारही आहे. दोन वर्षं रोज भेटून मला त्या आजोबांबद्दल काय माहीत आहे? त्यांचं नाव नाही, घरी कोण आहे हे नाही. आठ वर्षांत या शहरातल्या कितीतरी माणसांशी मी फक्त हवेबद्दल बोलले आहे. मला कधी वाटतं, हा ऊबदार शब्दांचा एक दरवाजा आहे आणि तो नेमका तिथेच बंद होतो जिथून आत जायला हवं. मग वाटतं, मलाही त्याने आडोसा दिलाय. ज्या नोव्हेंबरात मी रडत होते तेव्हा कुणी 'काय झालं' विचारलं असतं तर मला उत्तर नव्हतं. "डेस्परेट आउट" म्हटल्यावर मला फक्त "'टिज" म्हणायचं होतं, आणि ते अगदी खरं होतं.

त्या रविवारी आईचा फोन आला. तिचा पहिला प्रश्न आठ वर्षं एकच आहे: "पाऊस आहे का गं तिकडे?" आणि आठ वर्षं माझं उत्तर एकच: "इथे रोजच असतो आई, काय विचारतेस." मग ती थोडी थांबते, आणि 'काय जेवलीस' असं विचारते. त्या दिवशी ती थांबली ते मला ऐकू आलं. बसथांब्यावरचा वाकलेला कणा पुन्हा दिसला. मी म्हटलं, "हो गं, पिरपिर लागलीय सकाळपासून. तुमच्याकडे?" आणि आई वीस मिनिटं बोलली. उकाडा कसा वाढलाय, कालपासून मळभ कसं आहे, यंदा खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा भिडे पूल बुडाला म्हणून बाबा गुडघे दुखत असताना पाणी बघायला कसे गेले, आणि ती मागून छत्री घेऊन कशी गेली. हे मला जुलैमध्येच सांगायचं तिच्या मनात होतं. तेव्हाही तिने विचारलं होतं, पाऊस आहे का.

सॉल्टहिलच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर लोक चालत शेवटपर्यंत जातात आणि तिथल्या भिंतीला पायाने लाथ मारून परत फिरतात. का, ते कुणी सांगत नाही, मीही मारते. समोर खाडीपल्याड क्लेअरचे डोंगर. क्लेअर दिसला तर पाऊस येणार, नाही दिसला तर आलेला आहे, असं इथे म्हणतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी क्लेअर स्वच्छ दिसत होता, राखाडी, प्रत्येक घडी मोजता येईल असा. वारा पश्चिमेचा, कोरडा. थांब्यावर आजोबा आणि कुत्रा.

"ग्रेट ड्रायिंग," ते म्हणाले. मला नाही, खाडीला.

"देअर इज," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "वुईल पे फॉर इट."

"वुई विल."

माझा फोन पिशवीतच होता. दुपारी दोनपासून पाऊस होता हे मी घरून निघतानाच पाहिलं होतं. कुत्रा येऊन माझ्या बुटांचा वास घेऊन गेला. बस आली, मी वरच्या मजल्यावर पुढे बसले आणि तेवढ्यात आईचा फोन. तिकडे साडेबारा वाजले होते. मागे कसला तरी प्रचंड आवाज येत होता, पत्र्यावर कुणी खडे ओतावेत तसा.

"अगं, ऐकतेस का? केवढा आलाय बघ. दिवाळीचे कंदील लोकांनी उतरवले." ती ओरडून बोलत होती. "परवाच लागलं ना गं स्वाती. तुझी आजी असती तर म्हणाली असती, पडतील स्वाती…"

आणि ती थांबली. पत्र्यावरचा आवाज तेवढा येत राहिला. माझ्या शेजारी शाळेचा गणवेश घातलेली एक मुलगी बसली होती, तिने कानातला इअरफोन काढून माझ्याकडे बघितलं, कारण मी मोठ्याने बोलले होते.